खांद्याखालचा उजेड

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची शेवटची कुस्ती लागली. नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ. कुस्ती फार चाललीच नाही. पृथ्वीराजने डाव टाकला, शिवराज पाठीवर गेला, पंचांनी चितपट दिली. शिवराजचं म्हणणं होतं की दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. ती मागणी मान्य झाली नाही. मग हुज्जत, मग पंचांची कॉलर, मग लाथ. त्याच दिवशी किताबाच्या कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड अगदी थोडे सेकंद उरले असताना गुणावरून वाद घालून मैदानाबाहेर गेला आणि पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही कुस्ती उरली नव्हती, तिच्या क्लिपा उरल्या होत्या. एक लाथेची, एक खांद्याची. लाथेची क्लिप घराघरात गेली, कारण ती समजायला कुस्ती कळावी लागत नाही. खांद्याची क्लिप फक्त शौकिनांत फिरली. वणीत चहाच्या टपरीवर दोन पोरं ती एकाच फोनवर पुन्हा पुन्हा बघत होती.

"टेकली ना बे पाठ. पाह्य ना नीट."

"कुठी टेकली? खांद्याखालून उजेड दिसून राह्यला."

लाथेबद्दल मला इथे फार बोलायचं नाही. पंचाच्या अंगावर जाणं चूक आहे, निर्णय बरोबर असो की नसो. पण त्या लाथेने एक मोठं काम केलं: खांद्याखालच्या उजेडाचा प्रश्न झाकून टाकला. आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्र केसरीचा खरा प्रश्न तोच आहे. आपण बघतो काय, पंच बघतात काय, आणि या दोन बघण्यांमध्ये कुणीच काही बोलत का नाही?

आधी ती क्लिपच नीट वाचू. एकाने व्हिडिओ थांबवला होता, बोटांनी फोटो मोठा केला होता आणि खांदा आणि गादी यांच्यामधली फट शोधत होता. दुसरा तोच व्हिडिओ हळू चालवून दाखवत होता: बघ, कसा दाबून धरलाय. दोघांनाही वाटत होतं की आपण पुरावा बघतोय. पण थांबवलेलं चित्र आणि हळू केलेलं चित्र हे दोन वेगळे साक्षीदार आहेत आणि दोघेही आपापल्या परीने खोटं बोलतात. थांबवलेल्या चित्रात वेळ नसतो. खांदा पुढच्या क्षणी टेकला की आधीच्या क्षणी टेकून उचलला गेला, हे त्यात कळत नाही. हळू केलेल्या चित्रात वेळ असतो, पण फुगवलेला. अर्ध्या सेकंदाची पकड दोन सेकंदांची दिसते आणि ओझरता स्पर्श भक्कम ताबा वाटायला लागतो.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की गादीच्या कुस्तीत चितपटीची व्याख्या वेळेवर उभी आहे. जागतिक संघटनेच्या नियमानुसार खालच्या पैलवानाचे दोन्ही खांदे वरच्याच्या ताब्यात इतका वेळ राहिले पाहिजेत, की पंचाला तो पूर्ण ताबा दिसला पाहिजे. किती सेकंद, हे नियम सांगत नाही. म्हणजे चितपटीच्या पोटातच एका माणसाचं बघणं घातलेलं आहे. म्हणून तर मधला पंच पोटावर झोपतो, गाल गादीला लावतो, आणि दोन शरीरांच्या खाली डोळा नेतो. प्रेक्षकांच्या उंचीवरून, आठ-दहा फुटांवरून घेतलेल्या मोबाइलच्या क्लिपमध्ये जवळचा खांदा लांबच्या खांद्याला झाकतो. तिथून दिसणारा उजेड खरा असू शकतो, नाहीतर मांडीवरच्या घामाची चमक असू शकते.

टपरीवरची पोरं मात्र वेगळ्याच व्याख्येने भांडत होती. ती व्याख्या मातीची. पाठ लागली की कुस्ती संपली. लागली का नाही, एवढंच. किती वेळ, हा प्रश्नच त्यात नाही. आणि त्यात पोरांचा दोष काय? आपल्याकडे यात्रेच्या आमदंगलीत हीच व्याख्या चालते. ज्याने पहिली कुस्ती गावच्या आखाड्याच्या कडेला उकिडवं बसून पाहिली, त्याला चितपट डोळ्यांनी कळते, नियमपुस्तकाने नाही.

आपली भाषाही त्याच मातीतली आहे. चारी मुंड्या चीत. अस्मान दाखवलं. लोळवलं. धूळ चारली. पाठ लावली. एखाद्याला पुरतं हरवण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके क्वचित दुसऱ्या कशासाठी असतील. आणि दोन विरुद्ध एक गुणाने जिंकण्यासाठी? 'गुणांवर मात'. बस्स. हा शब्दप्रयोग ऐकला की कार्यालयातल्या बढतीची आठवण येते. त्यामुळे वर्तमानपत्रं काय करतात, तर गुणांवर जिंकलेल्या कुस्तीलाही 'अस्मान दाखवलं' असा मथळा देतात. प्रत्यक्षात कुणी अस्मान पाहिलेलं नसतं. एकाचा पाय वर्तुळाबाहेर गेलेला असतो आणि एक गुण पडलेला असतो.

कुस्तीच्या पत्रकांवर 'कुस्त्या निकाली होतील' असं छापायची पद्धत आहे. निकाली म्हणजे पाठ लागेपर्यंत. पाठ लागलीच नाही तर जोड बरोबरीत सोडवायची, इनाम निम्मं-निम्मं. या व्यवस्थेला अडाणी म्हणून हसू नये. तिच्यात एक प्रामाणिकपणा होता: जे सगळ्यांना दिसलं तेच जाहीर करायचं, आणि दिसलं नाही तर गप्प बसायचं. पंच तिथेही होते, पण त्यांना मनातून फार काही ठरवावं लागत नव्हतं. गादीने पंचाला लेखक केलं. कोणत्या हालचालीचे दोन गुण, कोणत्याचे चार, कोण नुसता टाळाटाळ करतोय, कोणाचा डाव आधी सुरू झाला, हे सगळं आता त्याने क्षणात वाचायचं आणि बोटांनी लिहायचं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांना नवे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. मधल्या काळात ते नुसते बलवान झाले नव्हते, त्या नियमांत वाचायला शिकले होते. त्यांचा प्रेक्षक मात्र मागे राहिला आणि त्याला कुणी शिकवलंही नाही.

महाराष्ट्र केसरीने यावर एक गंमतशीर तोडगा काढलाय. माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी लढतात. ८६ ते १२५ किलोच्या या गटाला खरं तर आपला हेवीवेट गटच म्हणायला हवं. ऐकायला वाटतं, दोन परंपरांचा किती छान मेळ! पण माती विभागातही गुण मोजले जातात. म्हणजे पायाखाली माती आणि वहीत गादी. प्रेक्षक पायाखाली बघतो, पंच वहीत लिहितो.

याचा सगळ्यात कडू अनुभव जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये आला. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. कुस्ती महेंद्रने जिंकली. त्यानंतर आठवडाभर महाराष्ट्रात कुणी दुसरं काही बघत नव्हतं असं वाटावं इतकी ती टांग फिरली. प्रश्न अगदी नेमका होता. उभ्या पैलवानाला फेकून थेट धोक्याच्या स्थितीत आणलं तर चार गुण. धोक्याची स्थिती म्हणजे पाठ गादीकडे वळून तिचा गादीशी काटकोनापेक्षा कमी कोन होणं. सिकंदर तसा पडला का? की कुशीवर पडून लगेच वळला? कुशीवर पडला असेल तर चार गुण नाहीत. हा भूमितीचा प्रश्न आहे. दहावीच्या पोराला कोनमापक दिला तर तो यावर चर्चा करू शकेल.

पण चर्चा भूमितीची झालीच नाही. सिकंदर मुसलमान आहे म्हणून त्याला डावललं, असं एक बाजू म्हणू लागली. दुसरी बाजू म्हणू लागली की तो मुसलमान आहे म्हणूनच एवढी हळहळ चालली आहे. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. पंचांवर संशय, संशय घेणाऱ्यांवर संशय, आणि ज्या दोन पैलवानांनी अंग मोडून कुस्ती केली ते दोघं या सगळ्यात कुठेच नाहीत. मला यात पूर्वग्रह नसेलच असं म्हणायचं नाही. या देशात तसं कुणालाच छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. म्हणायचं आहे ते एवढंच, की चार गुण का दिले हे सांगणारी चार वाक्यं त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, मोठ्याने बोलली गेली असती, तर निदान भांडायला काहीतरी ठोस हातात असतं. पंच चुकले असते तर नेमके कुठे चुकले ते कळलं असतं. पूर्वग्रह असता तर तोही त्या वाक्यांत पकडता आला असता. मोकळ्या जागेत काहीही भरता येतं आणि लोकांनी ते भरलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने महाराष्ट्र केसरी जिंकली. झोळी डाव टाकून काही सेकंदांत पाठ लावली. सगळीकडे एकच वाक्य: न्याय मिळाला. कुणाकडून मिळाला? समोर होता शिवराज राक्षे. ज्याने सिकंदरवर कसलाही अन्याय केला नव्हता. वाद महेंद्रशी, तक्रार पंचांवर आणि शिक्षा शिवराजला! पण हे सुखावणारं होतं, कारण ती कुस्ती निकाली होती. वाचावं लागलं नाही, दिसलं. आपली न्यायाची कल्पनाही अशी चितपटच आहे.

आता जरा बॉक्सिंगकडे जाऊ, कारण वणीतली तीच पोरं रात्री जागून ओलेक्सांडर उसिक आणि टायसन फ्युरी बघतात आणि त्यावर भांडतातही. मला नवल वाटतं ते या दोन भांडणांतल्या फरकाचं.

बॉक्सिंगमध्ये खात्री कुस्तीपेक्षाही कमी. समोरचा पडून उठलाच नाही तर प्रश्न मिटला. नाहीतर तीन माणसं रिंगच्या तीन बाजूंना बसून प्रत्येक फेरीला दहा-नऊ लिहीत राहतात. कुणाचा ठोसा जड, कुणी रिंगवर हुकूम गाजवला, कुणाचा बचाव चांगला, हे सगळं तीन मिनिटांत एका आकड्यात कोंबायचं. याच्याइतकं कच्चं माप खेळांत क्वचित असेल. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये उसिक आणि फ्युरी जगज्जेतेपदासाठी भिडले, तेव्हा एका पंचाने ११५-११२ उसिक, दुसऱ्याने ११४-११३ उसिक आणि तिसऱ्याने ११४-११३ फ्युरी असं दिलं. तीन माणसं, एकच लढत, दोन विजेते.

पण त्यानंतरची चर्चा बघा. नवव्या फेरीत उसिकने फ्युरीला असं झोडपलं की दोरांमुळे तो उभा राहिला आणि रेफरीने आकडे मोजले. त्या मोजणीमुळे ती फेरी दहा-नऊ ऐवजी दहा-आठ झाली. तो एक जादा गुण काढून टाका: ११४-११३ चा उसिकचा कागद ११४-११४ होतो, एक पंच उसिककडे, एक फ्युरीकडे, एक बरोबरीत, आणि सगळी लढत अनिर्णित. म्हणजे जगज्जेतेपद एका मोजणीवर लटकलेलं होतं. हे मी कुणा आतल्या माणसाकडून ऐकलेलं नाही. पंचांचे कागद जाहीर होतात, फेरीनिहाय. कुणीही बेरीज करू शकतो. शौकीन भांडतात ते 'पंच विकला गेला' इथून सुरू करून का होईना, पण लवकरच 'आठवी फेरी त्याला कशी दिली' इथे येतात. भांडणाला पत्ता असतो.

कागद समोर असले की गणितातल्या गमतीही दिसतात, आणि कधी त्या क्रूर असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ ला मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून हरली. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी तीन-दोनने मेरी कोमला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही ती हरली, कारण फेऱ्या मोजत नाहीत, प्रत्येक पंचाची तिन्ही फेऱ्यांची बेरीज मोजतात, आणि तीन पंचांच्या बेरजेत व्हॅलेन्सिया पुढे होती. निकाल ३-२. आपण जिंकलो असंच मेरी कोमला वाटत होतं. आपल्याकडे तेव्हाही अन्यायाची ओरड झाली, पण ज्याला समजून घ्यायचं होतं त्याला पाच मिनिटांत समजून घेता येत होतं. पटलं नाही तर नेमकी पहिली फेरी पुन्हा बघता येत होती.

बॉक्सिंगचे पंच फार थोर असतात असं कुणी वाचू नये. उलट त्या खेळाचा इतिहास लबाडीने बरबटलेला आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला तिन्ही फेऱ्या धुतलं, आणि सुवर्णपदक ३-२ ने पार्कला मिळालं. त्यानंतर मोजणी यंत्रावर नेली. पंचांनी बटणं दाबायची, ठरावीक पंचांची बटणं जवळपास एकाच क्षणी दाबली गेली तरच गुण. १९९२ ते २०१२ अशी सहा ऑलिंपिकं त्या पद्धतीने झाली. लबाडी थांबली का? नाही. खेळ मात्र बदलला. यंत्राला जे मोजता येतं तेच मुष्टियोद्धे करू लागले: लांबून टिचकी मारायची आणि पळायचं. मग २०१६ ला रिओत पुन्हा दहा गुणांची पद्धत आली, आणि तिथलेच निर्णय इतके संशयास्पद ठरले की त्या ऑलिंपिकमधल्या सगळ्या ३६ पंच-रेफरींना बाजूला ठेवावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये उसिक-फ्युरी दुसऱ्यांदा लढले तेव्हा प्रयोग म्हणून एआय पंचही बसवला होता. तिन्ही माणसांनी ११६-११२ दिलं, एआयने ११८-११२. त्याचा निकाल धरला जाणार नव्हताच. आणि दोन गुणांचा फरक का, हे यंत्रानेही कुणाला समजावलं नाही.

म्हणून 'गादीवर चार कॅमेरे लावा, प्रश्न सुटेल' असं म्हणणाऱ्यांबद्दल मी साशंक आहे. कॅमेरे हवेतच, आणि एक तरी गादीच्या पातळीवर हवा. पण कॅमेरा फट दाखवेल. ती फट असतानाही ताबा होता का, हे कुणीतरी माणसानेच ठरवायचं आणि सांगायचं आहे. आपल्याकडे ठरवणं होतं, सांगणं होत नाही.

जाता जाता एक तक्रार आपल्या शौकिनांचीही. उसिकच्या नवव्या फेरीवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांना माहीत आहे की आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे ८१ किलोंवरील गटात युवा जगज्जेती झाली? अंतिम लढत ५-०. पाचही पंच एका बाजूला. पुढच्या वर्षी कझाकस्तानात जाऊन तिने तिथल्याच माजी जगज्जेत्या लज्जत कुंगेइबायेवाला ५-० ने हरवलं. परक्या गावात, घरच्या खेळाडूविरुद्ध, पाचच्या पाच कागद आपल्या नावावर करून घेणं म्हणजे काय, हे पंचांवर सतत संशय घेणाऱ्यांना तरी कळायला हवं. हेवीवेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सहा फूट नऊ इंचांचा इंग्रज येतो. यवतमाळ जिल्ह्यातून नागपूरला रोज एसट्या जातात, पण तिथली हेवीवेट मुलगी टपरीवरच्या गप्पांत येत नाही. वाद नाही म्हणून क्लिप नाही, क्लिप नाही म्हणून चर्चा नाही.

परत अहिल्यानगरला. या सगळ्या प्रकरणात ज्याच्याबद्दल सर्वात कमी बोललं गेलं तो म्हणजे पृथ्वीराज मोहोळ. बावीस-पंचविशीच्या आसपासच्या पोराने राज्यातला सगळ्यात मोठा किताब जिंकला, चांदीची गदा खांद्यावर घेतली, थार गाडी मिळवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाआधी 'वादग्रस्त' लागलं. त्याने काय केलं होतं? डाव टाकला आणि शिट्टी वाजेपर्यंत धरून ठेवला. पैलवानाने याहून वेगळं काय करायचं असतं? न समजावलेला निर्णय हरणाऱ्याकडून कुस्ती हिरावतो, पण जिंकणाऱ्याकडूनही विजय हिरावतो. हरलेला निदान चिडू शकतो. जिंकलेल्याने कुणावर चिडायचं?

पार्क सी-हुनने हे आयुष्यभर भोगलं. निर्णय त्याने दिला नव्हता, पण चोरीचं पदक म्हणून जग त्याच्याकडेच बघत राहिलं. २०२३ मध्ये तो अमेरिकेत रॉय जोन्सच्या गावी गेला आणि ते सुवर्णपदक त्याच्या हातात ठेवलं. २०२५ मध्ये त्या भेटीचा व्हिडिओ बाहेर आला. पस्तीस वर्षं एक माणूस दुसऱ्या पाच माणसांच्या निर्णयाचं ओझं वाहत होता. त्या पाचांपैकी कुणी तो व्हिडिओ पाहिला असेल का, असं मला उगाचच वाटून गेलं.

अहिल्यानगरच्या निर्णयावर पुढे चौकशी समिती बसली, आणि पंचांचा निर्णय चुकीचा ठरवल्याच्या बातम्याही आल्या. मी वाचलेल्या बातम्यांत 'दोषी' हा शब्द ठळक होता; कोणत्या कोनातून, कोणत्या क्षणी, कोणता खांदा, हे नव्हतं. म्हणजे आधी पंच म्हणाले टेकला, मग समिती म्हणाली नाही टेकला, आणि आपण दोन्ही वेळा फक्त निकाल ऐकला. एक चितपट दुसऱ्या चितपटीने रद्द झाली. लाथेच्या दिवशी मराठी वाहिन्यांवर 'राडा' हा शब्द इतक्या वेळा आला की कुस्तीतला तो नवा डाव आहे की काय असं वाटावं. त्या दिवसांत चंद्रहार पाटलांसारख्या दोनदा महाराष्ट्र केसरी जिंकलेल्या पैलवानाने आपल्या गदा परत करण्याची भाषा केली. ती मोठी बातमी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एका तरी वाहिनीने एखाद्या जुन्या वस्तादाला गादीवर बसवून, दोन पोरं आडवी करून, ताबा म्हणजे काय आणि नुसता स्पर्श म्हणजे काय हे पाच मिनिटं दाखवलं असतं, तर? तशी पाच मिनिटं मला कुठे सापडली नाहीत. तो कार्यक्रम लोकांनी पाहिला नसता असं समजणाऱ्यांनी टपरीवर एकदा येऊन बसावं. खांद्याखालचा उजेड शोधायला माणसं एकाच क्लिपवर पाऊण तास घालवतात.

क्रिकेटमध्ये हे कधीच झालंय. तिसरा पंच पडद्यामागे बसून काय बघतोय ते आपल्याला ऐकू येतं. पुढे घ्या, मागे घ्या, बॅटजवळ थांबवा, आवाजाची रेघ दाखवा, मला फट दिसतेय, नाबाद. निर्णय पटो न पटो, तो बनताना ऐकू येतो. आणि मजा म्हणजे त्यामुळे पायचीतचे नियम आता आठवीतल्या पोरालाही पाठ झालेत. चेंडू कुठे पडला, रेषेबाहेर लागला का, यष्ट्यांवर जात होता का, हे तो क्रमाने सांगतो. कुस्तीचा प्रेक्षक त्याच्यापेक्षा कमी हुशार नाही. त्याला तशी संधी दिली गेलेली नाही.

संघटनांचं बोलायचं तर २०२५ मध्येच मार्चमध्ये कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एका वर्षात दोन संघटना, दोन गदा, दोन केसरी. बॉक्सिंगमध्ये चार-चार संघटनांचे चार-चार जगज्जेते असतात म्हणून आपण हसतो. कोणती संघटना खरी हे कोर्टाने ठरवावं. मला शौकीन म्हणून एवढंच कळतं की दोघींपैकी जी पहिल्यांदा प्रत्येक किताबी कुस्तीचा गुणांचा कागद, कोणत्या मिनिटाला कुणाला किती आणि कशाचे, त्याच रात्री लोकांसमोर टाकेल, तिची कुस्ती मी बघेन. कागदात चूक सापडली तर शिव्याही देईन, पण पत्त्यावर देईन.

आणि हे करायला फार पैसे लागतात असंही नाही. आपल्याकडच्या लहानात लहान आमदंगलीतही दोन गोष्टी असतातच: मैदानाभोवती पन्नास मोबाइल आणि पंचांच्या टेबलावर एक माइक. मोबाइलवर सगळं शूट होत असतं. माइकवरून देणगीदारांची नावं वाचली जातात, सरपंचांचं स्वागत होतं, कुणाची मोटारसायकल आडवी लागलीय ते सांगितलं जातं, मधेच कुणाचा तरी वाढदिवस असतो. पाठ लागल्यावर पंच हात वर करतो, ढोल वाजतो, आणि माइकवर पुढच्या जोडीची नावं येतात. तो हात वर झाल्यावर ढोल दहा सेकंद थांबवायचा आणि माइक पंचाच्या तोंडासमोर धरायचा. दोन्ही खांदे टेकलेले बघितले, उजवा आधी, डावा नंतर, मग ताबा पूर्ण होता, म्हणून चीत. एवढं बोलून झालं की मग घ्या पुढची जोड.